पुढच्या चाकाची तार

"बोल मिस्त्री. खोट गाडीत आहे की हिच्यात?"

सासूबाईंनी स्टुलावर टेकता टेकताच विचारलं. जिच्याकडे बोट होतं ती सून गॅरेजच्या दाराशी उभी होती. आत यायला तिचा पाय उचलत नव्हता.

मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आला. गाडीची एक बाजू चेपून पार आत गेली होती. त्या बाजूला सासूबाईंचा लेक बसला होता. चालवत सून होती. वळणावर तिनं ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली आणि कठड्यावर आदळली. तिला खरचटलं. तो गेला.

तेव्हापासून सुनेच्या तोंडी एकच वाक्य होतं. "मीच मारलं त्यांना." कुणी समजवायला गेलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. जेवण घशाखाली उतरत नव्हतं. आता तर कायमची भावाकडे जाते म्हणत होती. सासूबाईंनी बजावलं होतं, दोष कुणाचा ते कळल्याशिवाय घरातून पाय बाहेर टाकायचा नाही.

म्हातारीला सुनेच्या कपाळावर जन्माचा डाग लावायचाय, असं गॅरेजात सगळेच म्हणत. गाडी इथं आणून टाकल्यापासून ती रोज दुपारी यायची, गाडीला खेटून बसायची. ही नळी कशाची? ही तार कुठं जाते? तुटली तर काय होतं? "मी शाळा पाहिली नाही म्हणून मला गुंडाळशील, तर गाठ माझ्याशी आहे!" तिला येताना पाहिलं की माणसं हातातलं काम टाकून चहाला पळायची.

मिस्त्रीनं तपासायचं यंत्र गाडीला जोडलं. चावी फिरवली. समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला, तो विझेचना.

"चालकाच्या बाजूचं पुढचं चाक," तो यंत्रात बघत म्हणाला. "त्याचा सेन्सर बोलत नाहीये."

"मराठीत सांग."

"प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, आजी. चाक किती वेगानं फिरतंय ते तो सांगतो. त्यावरून गाडी ब्रेक सांभाळते. एक जरी मुका झाला, तरी ती सोय बंद पडते. मग जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होतात नि गाडी नुसती घसरते. स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही."

सून दारातून दोन पावलं आत आली.

"ताई, त्या दिवशी हा दिवा लागला होता?"

"आठवत नाही," सून म्हणाली. "मी त्यांच्याकडे बघत होते. ते काहीतरी सांगून हसत होते."

"बघ!" सासूबाई म्हणाल्या. "रस्ता सोडून नवऱ्याकडे बघत होती."

सुनेनं मान खाली घातली. मिस्त्रीला वाटलं, या बाईच्या जिभेला हाड नाही ते नाहीच, हिला काळीजही नसावं.

त्यानं चाक काढलं. सेन्सर मोजून पाहिला, तो ठणठणीत होता. जोडणीत गंज नव्हता. म्हणजे दोष मधल्या तारेत. त्यानं मीटरची एक सुई या टोकाला लावली, एक त्या टोकाला. तार धड असती तर मीटर वाजला असता. तो वाजला नाही.

"तार तुटलीय," तो म्हणाला.

"म्हणजे?" सुनेनं विचारलं.

"म्हणजे ताई, ब्रेकची ती सोय बंद होती. तुमच्या जागी मी असतो तरी गाडी घसरली असती."

सून तिथंच खाली बसली, तेलानं काळ्या झालेल्या फरशीवर. इतके दिवस न आलेलं रडू आता आलं, आणि थांबेना.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "उठ. नळावर तोंड धू. लोकांसमोर तमाशा नको. आणि घरी गेल्यावर आधी जेवायचं, ताट परत आलेलं चालणार नाही मला."

सून मागच्या नळाकडे गेली. मिस्त्रीनं बॅटरीच्या उजेडात तारेचा माग काढला. चाकाच्या वरच्या बाजूला, क्लिपच्या आड, तुटलेली टोकं सापडली. त्यानं ती उजेडात धरून पुन्हा पुन्हा निरखली.

सून काल इथं एकटीच येऊन गेली होती. नवऱ्याचा चष्मा गाडीत राहिलाय म्हणाली. बराच वेळ गाडीपाशी होती. तिला अवघडायला नको म्हणून तोच बाजूला झाला होता.

पोरीची दया येत होती. पण ज्या आईचा लेक गेला तिला तोंडावर फसवायचं कसं? तो हात पुसत स्टुलापाशी आला.

"आजी, एक सांगायचंय. ही तार झिजून तुटलेली नाही. झिजलेली तार पिंजते, तिचं तांबं काळं पडतं. ही टोकं नवीकोरी चमकतायत, वर चिमटून चपटी झालीत. अपघातानंतर कुणीतरी कापलीय. आणि काल सूनबाई इथं..."

"गप बैस. तिला तार कुठली नि सुतळी कुठली ते तरी कळतं का?"

मागून पाण्याचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, मग हुंदका, मग परत पाणी.

"माझा एक गेला," सासूबाई नळाकडे बघत म्हणाल्या. "दुसरी जायला निघालीय, दिसत नाही तुला? नवी तार घाल नि तोंड मिटून ठेव."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दुखरं मनगट चोळत म्हणाल्या, "आणि ती पक्कड फेकून दे मेल्या, बोथट झालीय. चार वेळा दाबली तेव्हा कुठं तुटली."