लविना काउंटीच्या बातम्या

“वाच की गं म्हातारे, नुसता कागद काय फडफडवतेस?” ऑरिन म्हणाला.

लविनाने चष्मा नाकावर चढवला. शुक्रवारी सकाळी ओसरीत बसून नवऱ्याला काउंटीचा पेपर वाचून दाखवायचा, हा तिचा नेम. ऑरिनचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली, तरी तो मोडला नव्हता.

“शाळेला नवी घंटा आली. डॅलच्या थोरलीला मुलगा झाला, नऊ पौंडांचा.”

“आजोबावर गेला असणार. तोही गोणीसारखाच. आणखी?”

“कोर्टाला रंग देतायत. पांढरा.”

“या धुळीत? कुणाचं डोकं म्हणायचं हे!” ऑरिन खदखदून हसला.

असा हसला की त्याला हटकून ती सभा आठवायची. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी कॅन्ससच्या त्या माळावर, यांच्याच मातीच्या घरात सतराजण जमले होते. नव्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, नाव हवं होतं. निम्म्यांना एक सेनापती प्यारा, निम्म्यांना दुसरा. दोन दिवस नुसती भांडणं.

“तू बिचारी सगळ्यांना पॅनकेक करून घालत होतीस,” ऑरिन म्हणाला. “तिसऱ्या दिवशी पीठ संपलं, तेव्हा कुठे तोंडं बंद झाली. मी म्हटलं, तुमच्या सेनापतींनी इथं कुणाला जेवू घातलंय? हिचंच नाव द्या.”

“लाजेनं मेले होते मी. वाटलं, नवऱ्याला काडीची अक्कल नाही.”

“आता काय वाटतं?”

“तेच. गप्प बस आणि ऐक.”

ती पुढे वाचू लागली. तिच्या हातात बियाणांच्या दुकानाचं जुनं माहितीपत्रक होतं. पेपर बंद पडून चार वर्षं झाली होती. शाळेला कुलूप होतं, कोर्टाचं छप्पर वाऱ्याने नेलं होतं आणि डॅल मंडळी कधीच ऑरेगॉनला निघून गेली होती. पण हे ऑरिनला कुठल्या तोंडाने सांगायचं? तिच्या नावाची काउंटी म्हणजे त्याचा जीव की प्राण. कळलं असतं तर एका दिवसात खचला असता.

दुपारी टपालवाला हॅस्केल आला. हातात राजधानीचा शिक्का असलेला लिफाफा.

“हा ऑरिनच्याच हातात द्यायचाय,” तो मान खाजवत म्हणाला.

“त्याचे डोळे मीच ना? आण इकडे.”

काउंटी मोडणार अशी कुणकुण तिला होतीच. कागद चुलीत घालायचा म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. पण आधी वाचावा म्हणून तिने लिफाफा फोडला.

‘काउंटीत आता अकराच माणसं उरली आहेत, म्हणून ती शेजारच्या काउंटीत सामील करावी, असं आपण टपालवाल्याकडून लिहवून कळवलंत, त्याबद्दल आभार. आपल्या विनंतीनुसार ही गोष्ट आपल्या पत्नीच्या कानावर जाऊ दिलेली नाही.’