वाजवायचे दात

"दात सुंदर झालेत डॉक्टर, पण त्यातून मी वाजत नाही," ट्रम्पेटवाला खुर्चीत बसताबसताच म्हणाला.

जिन्यावरून पडून त्याचे पुढचे दोन दात गेले होते. डॉक्टरीणबाईंनी नवे बसवून दिले, सरळ, पांढरेशुभ्र. त्या दातांचा फोटो तर बाईंनी दवाखान्याच्या भिंतीवरच लावला होता.

त्यानं पिशवीतून छोटा प्लेअर आणि स्वतःच्या तीन सीडी काढल्या. "परवा नव्या रेकॉर्डिंगला गेलो. पियानोवाला म्हणाला, आज कुणाला पाठवलंय? सोमवारी पुन्हा बोलावलंय, शेवटचं. आता हे ऐका. हा मी."

प्लेअरमधून एक लांब सूर निघाला. जरा घोगरा, कडेनं वारा सुटलेला.

"अहो, ही तर हवा गळतेय!"

"तीच माझी. जुन्या दातांत फट होती. तेवढी करून द्या."

"मी फटी बुजवते हो, पाडत नाही. लोक माझ्याकडे येतील का?"

"हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. मला वाजवायचे हवेत."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि मशीन उचललं. केसभर घासलं. त्यानं चूळ भरली, ट्रम्पेट ओठाला लावला, फुंकला. मग सीडी लावली. मग पुन्हा फुंकला.

"नाही जमलं," उघड्या दारातून आवाज आला. बाकावर गाल सुजलेले एक गृहस्थ बसले होते. "सीडीत खरखर जास्त आहे."

"तुम्हाला जॅझमधलं कळतं?" बाईंनी विचारलं.

"छे! पण मघापासून तेच ऐकतोय. पाठ झालंय."

पुन्हा केसभर. गृहस्थांच्या शेजारी बसलेल्या एका शिक्षिकेची जीभ इंजेक्शननं बधिर झाली होती, तरी तिला राहवेना. "थोलं उदवीकले," ती म्हणाली. बाईंनी थोडं उजवीकडे घासलं. आता सूर आला तो शिट्टीसारखा. गृहस्थांनी गाल धरून मान हलवली. ट्रम्पेटवाल्याच्या कपाळावर घाम आला.

कोपऱ्यात त्याची बायको शब्दकोडं सोडवत होती. बाईंनी तिलाच गाठलं. "वहिनी, तुम्ही सांगा. इतकी वर्षं ऐकताय."

"मला नका विचारू," ती मान वर न करता म्हणाली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे एकदा पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून आपल्याच हातच्या त्या देखण्या दाताचा कोपरा उडवला.

त्यानं डोळे मिटून ट्रम्पेट फुंकला. सूर निघाला आणि लांबत गेला.

बायकोनं शब्दकोडं बाजूला ठेवलं, उठली, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून चाळीस वर्षांच्या सवयीनं दवाखान्याच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या.