क्रियापदाचं शेपूट

"पुन्हा फॉर!" सरांनी खडू टेबलावर आपटला. "टेलरबाई, उद्या सकाळी दहाला मुलाखत आहे हो तुमची!"

टेलरबाई ओशाळून हसल्या. व्हिसासाठीची ही त्यांची दुसरी खेप. पहिल्या वेळी साहेबासमोर त्यांची बोबडी वळली आणि अर्ज फेटाळला गेला. हीही खेप फुकट गेली, तर तिसऱ्यांदा कुणी दारातही उभं करणार नव्हतं. म्हणून दोन महिने त्या दुपारचं दुकान बंद ठेवून सरांच्या इंग्रजीच्या क्लासला येत होत्या.

क्रियापदामागे येणाऱ्या त्या एवढ्याशा शब्दाला सर शेपूट म्हणत. शेपूट बदललं की जनावर बदलतं, हे त्यांचं लाडकं वाक्य. टेलरबाईंनी वहीभर शेपटं तोंडपाठ केली होती. घोडं अडत होतं ते एकाच वाक्यावर.

"हे मुलालाच का नाही विचारत फोनवर? परदेशातच असतो ना तो?" सरांनी विचारलं.

"तो कामात असतो," टेलरबाई म्हणाल्या आणि वहीची पानं उलटू लागल्या.

सरांना बिचारीची दया आली. आईचं काळीज! पोरगं तिशीला टेकलं, तरी त्याला सांभाळायला निघाली होती.

"बरं, सांगा. मी चाव्या शोधते आहे."

"आय ॲम लुकिंग फॉर द कीज."

"शाब्बास! शेजारीण बाळाला सांभाळते."

"शी लुक्स आफ्टर द बेबी."

"वा, वा! आता साहेब विचारतोय, तिकडे कशाला जाताय?"

"टू लुक फॉर माय सन."

सरांनी कपाळावर हात मारला. "अहो, पालथ्या घड्यावर पाणी! चाव्यांना फॉर, बाळाला आफ्टर, हे बरोबर येतं. मग स्वतःचं पोरगं आलं की कुठे माशी शिंकते? उद्या या एका शेपटापायी परत आलात, तर मला बोल लावू नका."

रागारागाने त्यांनी फळ्यावर आफ्टर हा शब्द केवढातरी मोठा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

टेलरबाईंनी वही मिटून पिशवीत ठेवली.

"तुमच्या शिकवण्यात खोट नाही, सर," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली, त्याचा ठावठिकाणा नाही. सांभाळायला आधी सापडायला नको का?"