दहा बावीसचं पंचक

“काकू, प्राण नक्की किती वाजता गेला?” गुरुजींनी विचारलं. त्यांच्या मोबाइलवर पंचांग उघडं होतं.

विक्रोळीच्या चाळीतल्या त्या खोलीत सगळ्यांचे डोळे रत्नप्रभाकडे वळले. दहा बावीसला पंचक लागलं होतं. माणूस त्याआधी गेला तर साधं मरण. नंतर गेला तर ते पंचकातलं, घरातली आणखी पाच माणसं ओढून नेणारं. मग दर्भाचे पाच पुतळे करायचे आणि प्रेताबरोबर जाळायचे. डॉक्टर आले होते अकराला. खरी वेळ ठाऊक होती ती फक्त रत्नप्रभाला आणि तिच्या लेकीला, अक्षताला.

रत्नप्रभाने थोरल्या दिरांकडे, श्यामसुंदर भावजींकडे पाहिलं.

सकाळी नऊला तिनेच बोरीवलीला फोन केला होता. हे चाललेत, तुमचंच नाव घेतायत, असाल तसे निघा. भावजी म्हणाले, शनिवार आहे, साडेदहापर्यंत राहुकाळ. तो उलटला की निघतो. बोरीवलीहून अवघा तासाभराचा रस्ता. इकडे तिचा नवरा चंद्रप्रकाश जीव दारात ठेवून पडलेला. बाहेर पाऊल वाजलं की डोळे उघडायचे, दादा दिसला नाही की मिटायचे. उघडायचे, मिटायचे.

तेव्हापासून ती रडलीसुद्धा नव्हती. आत नुसता जाळ होता. त्यात पाणी कुठून यायचं.

“रत्ना, नीट आठव गो,” भावजी म्हणाले. घरात सगळ्यांत मोठे तेच. पहिला नंबर कोणाचा, हे जो तो मनात मोजत होता. “बावीसच्या आधीच ना?”

“साडेदहा वाजून गेले होते,” रत्नप्रभा म्हणाली. “तुमचा राहुकाळ संपला, मग गेले.”

भावजी भिंतीला टेकून खालीच बसले. त्यांची बायको पदराने वारा घालू लागली. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला आणि पहिला पुतळा वळायला घेतला.

अक्षताने आईला मोरीपाशी ओढलं. हळूच म्हणाली, “आई, बाबा दहा वाजून दहा मिनिटांनी गेले ना?”

“हो. फोन ठेवला तसे निघाले असते, तर दहा मिनिटं भेटले असते भाऊ-भाऊ. ती दहा मिनिटं मला जन्मभर छळणार आहेत, पोरी. मग त्यांनीच का निवांत झोपावं?”