शाकारणी
डोंगरउतारावरच्या त्या जपानी वाडीत गवताचं छप्पर आता वीणाच्या सासऱ्यांच्याच घरावर उरलं होतं. पूर्वी एकाच्या शाकारणीला अख्खी वाडी लोटायची. आता बाकी घरांवर पत्रे होते. वरून खुपसलेलं बांबूचं दाभण माळ्यावरून धरायचं, त्यातली दोरी वाशाभोवती घेऊन पुन्हा ओवायची आणि दाभण वर सारायचं, हे काम सासूबाईंचं. हिवाळ्यात त्या गेल्या. "यंदा आपणही पत्रेच घालू," सासरे म्हणाले. "आतून धरणार कोण?" "मी बसते ना," म्हणत वीणा काजळलेल्या माळ्यावर चढली. गवतातून दाभणाचं टोक आत आलं. "फुमी, धर!" सवयीने सासऱ्यांच्या तोंडून सासूबाईंचंच नाव गेलं. वीणाने दोरी वाशाभोवती घेऊन पुन्हा दाभणात ओवली. "धरलंय, बाबा. ओढा." मग दोरी ताणली गेली. एरवी 'वीणासान' असं मानाने म्हणणाऱ्या सासऱ्यांनी पुढचं दाभण खुपसताना हाक मारली, "वीणा, धर!"