झाकणाच्या आतली खूण

“आधी गिरण्या बघू,” आल्सिद म्हणाला. “घड्याळं काय पळून जातायत?”

“एक गेलं होतं ना,” ओदील म्हणाली.

त्याने काठी उचलली आणि गिरण्यांच्या वाटेला लागला.

जन्मगावात तिकीट काढून हिंडायचं म्हणजे थट्टाच. ल लोक्ल या घड्याळजींच्या गावातल्या, डोंगराच्या पोटातल्या त्या गिरण्यांसमोरून दोघं लहानपणी रोज जायची, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आज आल्सिद प्रत्येक पाटी वाचत होता. गिरणी झाली, मग चर्चचा मनोरा झाला, मग कॉफी. चालढकल ओदीलला कळत होती. म्हातारा वेळ काढत होता, आणि वेळ काढण्यात घड्याळजीइतका तरबेज कोण असणार?

गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला होता. कारखान्यातून चोरीला गेलेलं ते सोन्याचं घड्याळ कुणा परदेशी शौकिनाच्या मृत्यूनंतर टेकडीवरच्या संग्रहालयात आलं होतं. मागचं झाकण उघडून, खाली आरसा लावून मांडलं होतं. आल्सिदने ते तिच्या आधी वाचलं आणि त्याच पानाने शेगडी पेटवली. तिने शेजारणीकडून पेपर मागून आणला. चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली.

ते घड्याळ नाहीसं झालं तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. संशय आला न्युमावर, आल्सिदबरोबर त्याच कारखान्यात काम करणाऱ्या तिच्या धाकट्या भावावर. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. सिद्ध काहीच झालं नाही, पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? न्युमा सीमेपलीकडे मोर्तोला निघून गेला. त्याच्या खिडकीजवळच्या बाकावर मालकाने आल्सिदला बसवलं. गावात तोंड दाखवायची लाज वाटून पुढे तीही दोघं खाली तळ्याकाठी राहायला गेली.

दर रविवारी ती न्युमाकडे टार्ट घेऊन जायची. तो कुणाचं नाव घ्यायचा नाही. “काखेत कळसा आणि गावाला वळसा, ताई,” एवढंच म्हणायचा आणि मुरंब्याची बरणी हातात द्यायचा.

तेवढं एक वाक्य पुरलं. तिने बिछाना वेगळ्या खोलीत हलवला. मूल नको म्हणाली. आल्सिदने एकदाच विचारलं, “का गं?” ती म्हणाली, “तू घोरतोस.” चोराचं पोर मला नको, हे तिने ओठांवर येऊ दिलं नाही. पण ज्याच्यावर जीव टाकला त्यानेच घात केला, हे ती एक दिवस विसरली नाही.

चढणीखालच्या बाकावर त्यांनी पाव आणि चीज काढलं. ओदीलने न्युमाच्या मुरंब्याची बरणी उघडली. झाकणावर त्याने सुईने देवदार कोरला होता. दर बरणीवर असायचा तो: तीन फांद्या, डावी जरा आखूड. लहानपणी तिच्या पाटीवर असाच काढून पळायचा. आल्सिदने झाकण उपडं ठेवलं.

“मधमाशा येतात,” तो म्हणाला.

“आल्सिद, एक सांग. घड्याळ उघडून दुरुस्त करणारा झाकणाच्या आत आपली खूण ओरखडल्याशिवाय ते मिटत नाही. खरं ना?”

“खरं.”

“आणि नव्याकोऱ्यावर खूण नसते.”

“नसते. दुरुस्त केलं तरच.”

“ते कोरं गेलं होतं. चोरीचा माल कोण दुसऱ्या कारागिराकडे नेणार? विकायच्या आधी ज्याने घरी बसून तेलपाणी केलं, त्याचीच खूण पहिली.”

“स्वतःची खूण करायला चोर एवढा खुळा असेल होय?”

“खुळा नसेल. पण सवय आहे ती. तूही परवा शेजारणीचं गजराचं घड्याळ दुरुस्त केलंस, तर आत तुझी खूण, गोल आणि ठिपका, काढलीसच की नाही? म्हातारीच्या गजरावर! फुकटच्या कामावर!”

आल्सिद हसला नाही. त्याने पावाचे कण चिमण्यांना टाकले.

“ओदील, घरी जाऊ या.”

“आता? टेकडीपाशी येऊन?”

“मीच चोरलं असं समज हवं तर. गावभर सांग. पण वर नको जाऊस.”

 इतकी वर्षं वाट पाहिली ती याचसाठी, आणि आता ऐकलं तर ते तिला नको होतं. कुठेतरी तिला आशा होती की तो भांडेल, ओरडेल, शपथ घेईल.

“निर्लज्ज आहेस,” ती म्हणाली. “माझ्या भावाचं आयुष्य गेलं. माझं गेलं.”

“हो,” तो म्हणाला. “तुझं गेलं.”

त्याने बरणीला झाकण लावलं, ती पिशवीत अगदी तळाशी घातली आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. चढणीवर तो तिच्या मागे मागे येत राहिला. धाप लागली तरी थांबला नाही.

संग्रहालयाच्या वरच्या दालनात बाराचे ठोके पडत होते. एक घड्याळ संपवतं न संपवतं तोच दुसरं सुरू करत होतं. रखवालदार हसून म्हणाला, “घाबरू नका बाई, यांचं रोजच असं असतं. एकमत म्हणून नाही.”

ओदील तडक खिडकीजवळच्या काचपेटीपाशी गेली. आल्सिद दारातच थांबला. तो पेटीकडे बघतच नव्हता, पिशवीचं तोंड मुठीत आवळून तिच्याकडे बघत होता.

संध्याकाळीच न्युमाला फोन करायचा, तिने ठरवलं होतं. रविवारपर्यंत तिला धीर नव्हता. तुझं नाव धुऊन निघालं, राजा, एवढंच म्हणायचं.

तिने चष्मा पुसला आणि गोल आणि ठिपका शोधत आरशावर वाकली.

झाकणाच्या आत एकच खूण होती. सुईने कोरलेला देवदार, तीन फांद्यांचा, आणि त्याची डावी फांदी नेहमीसारखी आखूड होती.