पाऊस पडेपर्यंतची रजा

वाळूजच्या कंपनीची बस क्रांती चौकात यायला पाच मिनिटं होती, आणि रत्नमालेला समोर गाडेकर सर दिसले. बारा वर्षांनी! अख्खं गाव शहरात आलं, मग सर तरी मागं कशाला राहतील? हातात दुधाची पिशवी, मान मात्र तशीच ताठ. तोंडाला बांधलेला स्कार्फ तिनं आणखी वर ओढला.

सर इंग्रजीचे. शाळा बुडाली की रजेचा अर्ज इंग्रजीतच, आणि कारण खरं पाहिजे. गाईडमधला ताप लिहून आणला की सर तो कागद फाडायचे. खरं लिहिलं की कोपऱ्यात लाल सही पडायची, अन् जीव भांड्यात पडायचा. दुष्काळात, आठवीला असताना, रत्नमालेनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं : मेंढरांना पाणी नाही, आम्ही गोदाकाठी चाललो, पाऊस पडेपर्यंत रजा द्यावी. पहाटेच कळप निघाला. अर्ज तिनं शाळेच्या दाराखालून सरकवला. सही काही बघायला मिळाली नाही. आपण न विचारता पळून आलो, हे तेव्हापासून तिच्या मनातून जाईना.

शेवटी राहवलं नाही. स्कार्फ सोडून ती पाया पडली. "सर, मी रत्नमाला. तो मेंढरांचा अर्ज..."

सर बघतच राहिले. "आठवी ब. खिडकीजवळची."

"सर, रजा दिली व्हती का हो मला?"

"त्याच दिवशी सही केली की गं. पाऊस पडेपर्यंत." सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "जूनमध्ये पाऊस झाला. नववीच्या हजेरीला पंधरा दिवस तुझं नाव पुकारलं मी. पोरं हसायची."

"पाऊस लई झाला, सर," ती म्हणाली. "पण तवर माझं लगीन लावून दिलं." खिडकीजवळच्या त्या बाकावर एकदा, फक्त एकदा बसायला मिळावं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात बस अगदी सरांच्या पाठीमागं येऊन थांबली. "चलो ताई, टाइम हो गया!" ड्रायव्हर ओरडला.

रत्नमाला निघाली आणि थबकली. या खेपेला तरी विचारून जायचं होतं.

"मे आय गो, सर?"

सरांनी बसकडं पाहिलं. मग तिच्या गळ्यातल्या कंपनीच्या कार्डाकडं पाहिलं.

"नो. मागच्या रजेवरनं तू अजून आली नाहीस," ते म्हणाले, आणि बाजूला सरून तिला वाट करून दिली.